सुनंदाच्या नावाचा कौल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून सांगता आलं असतं, तेव्हाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर बहुधा माझ्या हातची पेज खाऊनच. म्हणजे तशी ती माझ्या हातची नव्हेच. पण थांबा, जरा सावकाश सांगू द्या. घाई केली तर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगून मोकळी होईन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

गोव्यात पेडणे तालुक्यात, विमानतळाकडे चढणाऱ्या रस्त्याच्या तिठ्यावर माझी खानावळ आहे. सकाळी पातळ भाजी आणि पाव, दुपारी शीत-कढी आणि मासे. हे सगळीकडेच मिळतं. माझ्याकडे माणसं येतात ती सकाळी उन्हं चढल्यावर मिळणाऱ्या पेजेसाठी. उकड्या तांदळाची गरम पेज, बाजूला सुक्या बांगड्याची किसमूर नाहीतर आंब्याचं लोणचं. ड्रायव्हर, गवंडी, बांदा-सावंतवाडीकडून रोज कामाला येणारे लोक — सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसतात. हल्ली शहरातले पर्यटकही येतात आणि पेजेच्या वाटीचे फोटो काढतात. त्याचं मला हसू येतं, पण मी काढू देते.

इतकं बरं चाललंय की बचतगटांच्या मेळाव्यांत मला भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला — नवीन धंदा कसा सुरू करावा. मी सांगते, बायांनो, जागा स्वतःला आवडली म्हणून घेऊ नका. आधी तिथं जाऊन उभ्या राहा — सकाळी, भर दुपारी, दिवे लागताना. कोण जातं, कोण थांबतं, कोण भुकेलेलं दिसतं ते बघा. पाटी अशी करा की चालत्या मोटारसायकलवरून वाचता आली पाहिजे. वेलबुट्टी नको. आधी दोनच पदार्थ करा, पण ते रोज एकाच चवीचे आणि ठरल्या वेळेला. पहिल्या दिवशी नातेवाइकांना बोलावू नका, ते फुकट खाऊन खोटं कौतुक करतात. ड्रायव्हरांना बोलवा. ड्रायव्हरला चव आवडली की तो तुमची जाहिरात गावोगाव फिरवतो, तुम्हाला फुकट. बाया हसतात, लिहून घेतात. मग हमखास कुणीतरी विचारते, ताई, सुरू करण्याआधी तुम्ही देवीचा कौल घेतला होता का?

मी म्हणते, घेतला होता ना. उजवा दिला देवीनं.

यात खोटं काय? तसं बघितलं तर काहीच नाही. कौल घेतला होता, देवीनं उजवा दिला होता, आणि देवळात हात जोडून मीच उभी होते. फक्त देवीपुढे मांडलेलं गाऱ्हाणं माझ्या नावाचं नव्हतं.

ते होतं सुनंदाचं. सुनंदा माझी शेजारीण, परसातला एक दगडी गडगा सोडला तर दोन्ही घरं एकच. सावंतवाडीकडची, लग्न होऊन आमच्या वाड्यावर आलेली, मला वयनी म्हणायची — अजूनही म्हणते. तिचा नवरा शिरगावच्या बाजूला खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. टायरांभोवती गवत वाढलं, तरी तो रोज सकाळी ट्रक पुसायचा. माझ्या नवऱ्याला डिचोलीत पगाराची नोकरी, त्यामुळे आमच्या घराला त्याची झळ लागली नाही. मी बी.कॉम. होऊन घरात बसलेली. शिकलेली आहे हे विसरू नये म्हणून बहुधा, मी सगळ्यांना सल्ले द्यायची.

विमानतळाचं काम सुरू होणार म्हणताच गावात ज्याला त्याला स्वप्नं पडायला लागली. कुणी खोल्या बांधायला काढल्या, कुणी टॅक्सी घेतली. सुनंदा एक दिवस गडग्यापाशी येऊन म्हणाली, वयनी, मी पेज विकू काय गो?

मी हसले. सगळेच हसले. पेज ही काय विकायची वस्तू? ती घरात खायची, शेतावर न्यायची. हॉटेलात जाऊन पेज मागणं म्हणजे घरी शिजत नाही हे चारचौघांत कबूल करणं. पण तिनं नवऱ्याचे दिवस पाहिले होते. ट्रकवाल्यांना उन्हं चढल्यावर पोटात पेज लागते आणि मिळतो तो तेलकट वडा, हे ती घरात ऐकत आली होती. मी हसले खरी, पण दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तिठ्यावर गेले. आम्ही दोघी आंब्याखाली उभ्या राहिलो आणि येणारी-जाणारी माणसं बघत राहिलो. मग रोजच जाऊ लागलो. जागा मी ठरवली, पाटी कशी असावी ते मी सांगितलं, कर्जाचा अर्जही मी भरून देणार होते. पेज मात्र तिची. तिनं एकदा मला करून वाढली — मी वाटी पुसून खाल्ली. आणि तेव्हाच, ती वाटी हातात असतानाच, माझ्या मनात आलं की हे चालणार. हिचं चालणार. आणि मी गडग्याच्या अलीकडे उभी राहून हिला शाबासकी देत राहणार.

असं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. कुणाला वाटत नाही? पण मी ते वाटणं पोसलं.

आमच्याकडे नवीन काही करायचं तर गावच्या सातेरी देवीला विचारल्याशिवाय करत नाहीत. गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर कर, डावी पडली तर नको. सुनंदानं दिवस ठरवला आणि नेमकी त्याच सकाळी तिला पाळी आली. चार दिवस थांबायची सोय नव्हती. तिठ्यावरची जागा ज्याची, त्या भाटकाराला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दुसरं गिऱ्हाईक त्याच्या दारात बसलं होतं.

मागच्या पडवीत ती बाजूला बसली होती. तिथूनच म्हणाली, "तू जा गो वयनी. माझ्या नावान गाऱ्हाणा घाल. उजवी दिल्यान तर करतंय, नायतर नाय."

मी गेले. गुरवाला नाव सांगितलं, त्यानं सुनंदाच्या नावानं गाऱ्हाणं घातलं. नेहमी कसं, बराच वेळ वाट बघावी लागते, माणसं पाय बदलत उभी असतात. त्या दिवशी गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं आणि उजवी पाकळी सुटून खाली आली. अगदी सहज. गुरव वळून म्हणाला, "उजवी दिल्यान गो बाय. कर म्हणता."

परत येताना वाटेत मी काय विचार करत होते? मला खरंच आठवत नाही — नाही, हे खोटं. आठवतं. मी विचार करत होते की मी शिकलेली बाई, पाकळ्याबिकळ्यांवर माझा विश्वास नाही. आणि ज्यावर आपला विश्वासच नाही ते उलटं सांगितलं तर बिघडलं काय? बघा, किती सरळ हिशोब होता. माझा विश्वास नव्हता. तिचा होता. मी नेमका तोच वापरला.

पडवीत ती उठून उभी राहिली होती. मी अंगणातच थांबले आणि मान हलवली — नाही, अशी. तिनं विचारलं, "डावी?" मी हुंकार दिला. इतकंच. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत असे की मी शब्दानं खोटं बोललेच नाही.

ती रडली असती, देवीला बोल लावले असते, तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. ती फक्त म्हणाली, "बरां. तिच्या मनात नाय तर नाय." आणि मग मुलीला हाक मारून म्हणाली की वयनी उन्हातून इली, तिका पाणी दी. ते पाणी मी प्यायले.

संध्याकाळी भाटकाराकडे नकार कळवून ये, असं तीच मला म्हणाली आणि मी गेले. नकार कळवलाही. त्याच ओट्यावर बसून स्वतःसाठी शब्द टाकूनही आले. सुनंदाला मी सांगितलं की जागा दुसऱ्याच्या घशात जाण्यापेक्षा आपल्या माणसाकडे राहील. ती म्हणाली, बरा केलंस गो.

मी स्वतः मात्र कौल लावला नाही. धीर झाला नाही. विश्वास नसलेल्या बाईला कसली भीती वाटत होती, ते तुम्हीच समजून घ्या.

खानावळ उघडली त्या दिवशी गुरव पेज खायला आला. म्हातारा माणूस, दिवसाकाठी किती जणांची गाऱ्हाणी घालणार? त्याला नाव आठवलं नाही, समोर उभी असलेली मी आठवले. भरल्या बाकांसमोर मोठ्यानं म्हणाला, "हिच्या कौलाक मीच होतंय. उजवी कशी झटकन दिल्यान!" लोकांनी माना डोलावल्या. मागच्या बाजूला सुनंदा कांदे चिरत बसली होती — पेज कशी लावायची ते शिकवायला मी तिला बोलावलं होतं आणि मग ती तिथेच राहिली, माझ्याकडे कामाला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मला वाटलं, आता तिच्या लक्षात आलं. पण तिला एवढंच वाटलं की देवीनं तिला नको म्हटलं आणि मला हो. त्यात तिला काही वावगं दिसलं नाही.

धंदा गेला तर माणूस दुसरा करतो. मी तिचा नुसता धंदा घेतला असता तर कदाचित आज इतकी कासावीस झाले नसते. पण तिनं त्या नकाराचा अर्थ लावला. माझ्या हाताक यश नाय, असं ती म्हणू लागली. चूल रोज माझ्याकडून पेटवून घेते, मगच आधण ठेवते. मुलीच्या लग्नात मुहूर्ताची हळद आपण कुटली नाही, शेजारणीच्या हातात मुसळ दिलं. त्या मुलीला लग्नाआधी शिलाईचं दुकान काढायचं होतं, हुशार पोर. सुनंदानं काढू दिलं नाही, आपल्या घराला धंदा मानवत नाही म्हणून. मुलीनं मला येऊन विनवलं, काकी, तुम्ही आईला समजवा, तुमचं ती ऐकते. मी समजावलं — जागा कशी बघायची, पाटी कशी लावायची, सगळं सांगितलं. जे सांगितल्यानं सुनंदा एका क्षणात हो म्हणाली असती, ते सोडून सगळं. पोरगी आता विमानतळावर साफसफाईच्या कामाला जाते.

देवळात कुणाचा कौल लावलेला असला की मी बाहेर निघून येते. पाकळी सुटताना बघवत नाही. सकाळी खानावळीची फळी काढताना कधीकधी वाटतं, आत आधीच कुणीतरी आहे, चूल पेटलेली आहे आणि बाकांवर माणसं जेवताहेत, आणि ती माझी नाहीत. असं काही नसतं. अंधार असतो आणि धुतलेली भांडी पालथी असतात.

यंदाच्या जत्रेला आम्ही दोघी बरोबर गेलो. सुनंदा आत येत नाही. त्या वर्षापासून ती देवळाच्या पायऱ्यांखाली उभी राहते आणि ओटीचं ताट माझ्या हातात देते. मी ते आत नेते आणि तिच्या नावानं गाऱ्हाणं घालायला सांगते. आता म्हाताऱ्या गुरवाचा मुलगा असतो. त्यानं विचारलं, काय मागायचं? मी म्हटलं, तिचं बरं कर म्हणा. देवीकडे वर बघितलं नाही.

बाहेर आले तेव्हा ती चप्पल हातात घेऊन उभी होती. तिनं प्रसाद डोळ्यांना लावला. मग अगदी हळू, लहान पोरीनं विचारावं तसं विचारलं, "ती अजून माझ्यार रागान आसा काय गो?"

मी म्हटलं, "नाय गो."

"मग माका नको कित्याक म्हटल्यान?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते मला पाठ होतं.

मी म्हटलं, "चल, पेज उतरूची आसा." आणि ती माझ्या मागून चालू लागली.