गेणूची झील

बारामतीच्या मार्केट यार्डामागं एक जुनं गोदाम आहे. सुयोग नावाच्या एका हौशी माणसानं ते झाडूनपुसून घेतलं, खुर्च्या मांडल्या आणि त्याला नाव दिलं ‘ओटा’. दर शनिवारी संध्याकाळी तिथं गाणं असतं. पुढचे कार्यक्रम दारावरच्या फळ्यावर लिहिलेले असतात. या शनिवारी सणसरच्या महिपती आणि गेणूची धनगरी ओवी, पुढच्या शनिवारी पुण्याच्या एका मुलीचं गिटारवरचं ब्लूज, त्यानंतर इंदापूरचं एकतारी भजन.

फळ्यावर महिपतीचं नाव आधी, गेणूचं नंतर. यात गेणूला कधी वावगं वाटलं नाही. महिपतीनं ओवीची ओळ म्हणायची आणि तिचं शेवटचं टोक गेणूनं उचलून लांबवायचं. याला झील धरणं म्हणतात. गेणूसारखा झीलकरी आसपास नव्हता, हे त्याच्या बायकोलाही कबूल होतं, आणि त्या बाईला त्याचं दुसरं काही म्हणता काही कबूल नसे.

तरुणपणी एकदा गेणूला नसती हुशारी सुचली. ओळ संपायच्या आतच त्यानं टोक उचललं. भर जत्रेत महिपती थांबला.

“गेणबा, डोक्यात ओवी साठवू नगं. साठवलीस की माझ्या म्होरं पळशील. नुस्ता शेवटाकडं कान दे.”

गेणूनं ते जन्मभर पाळलं. डोळे मिटायचे, शेवटचा शब्द झेलायचा आणि सोडून द्यायचा. बिरोबाची ती सबंध ओवी महिपतीला त्याच्या बापाकडून आली होती आणि दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. गेणूच्या कानांवरून ती इतकी वर्षं वाहत गेली, पण या भल्या माणसानं ओंजळभरही राखून ठेवली नाही.

यंदा महिपतीला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

घरच्यांनी सगळ्यांचे फोन धुंडाळले. जत्रेतले दोन तुकडे सापडले, त्यांतही ओवीपेक्षा भोंगाच जास्त. गेणू रोज महिपतीपाशी जाऊन बसू लागला. महिपती चांगल्या हातानं मांडीवर ठेका धरी, ओठ हलवी आणि ओळ संपली की गेणूकडं बघे. आता गेणूनं उचलायचं. पण उचलायचं काय? तो अंदाजानं एखादा शब्द लांबवी. महिपती नाही म्हणून मान हलवी. गेणू दुसरा शब्द धरी. पुन्हा तेच. शेवटी महिपतीच्या डोळ्यांना धार लागे आणि गेणूला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे.

तो बारामतीला गेला. “सायेब, आमची नावं पुसा. महिपतीतात्यांची वाचाच गेली.”

सुयोगनं त्याला बसवलं, चहा दिला. “आबा, तुम्हीच म्हणा ना. जन्मभर ऐकलीय तुम्ही.”

“ऐकली व्हय. पर येत न्हाय.”

“थोडीसुद्धा नाही?”

“सुटी टोकं येत्यात. त्येच्या आधीचं काय बी न्हाय.”

सुयोग ओल्या फडक्यानं नावं पुसायला उठलाही होता. तेवढ्यात गेणूला फोन आला. महिपतीच्या सूनबाई, लीलाबाई बोलत होत्या. “आबा, मामांनी खुंटीवरचा फेटा खुणेनं मागून घेतलाय. शनवारी जायाचं म्हणून हटून बसल्यात.”

गेणूच्या मनात वेडी आशा आली. माणसं पुढ्यात बसली, ढोल वाजला, तर बिरोबा तात्यांची जीभ सोडवीलही. फळ्यावरची नावं तशीच राहिली.

शनिवारी ओटा भरला. ढोल वाजला. महिपतीनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पण ओठ हलत होते, हात मांडीवर पडत होता, आणि ओळ संपल्यावर त्यानं गेणूकडं बघितलं. गेणूनं हाताला लागेल ते टोक उचललं. म्हातारा असला कळवळून गायला की माणसं हलायची थांबली. महिपतीनं मान हलवली. पुन्हा ओठ, पुन्हा हात, पुन्हा गेणूची चुकलेली झील. लोकांना वाटलं, ओवी अशीच असते. समोरच्या बाईनं डोळे पुसले.

गेणूच्या घशाला कोरड पडली तेव्हा ढोलवाला थांबला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सुयोगनं माईक घेतला आणि पुढच्या शनिवारच्या गिटारबद्दल सांगायला सुरुवात केली.

महिपतीची ओवी संपली नव्हती. त्याचा हात मांडीवर पडतच होता. ओळ पुरी झाली तसं त्यानं मान वळवून गेणूकडं बघितलं.

गेणूनं सवयीनं डोळे मिटले आणि शेवटचा शब्द ऐकायला कान पुढं केला.