पप्पांचा देव, मावशींचा देव

लग्न होऊन पडेगावच्या घरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्याकडं दोन देव राहतात." तो दचकलाच. ख्रिस्ती घरातल्या नव्या सुनेनं असं बोलायचं म्हणजे काय!

पण खोटं काय होतं त्यात? सासऱ्यांचा, म्हणजे पप्पांचा, देव बायबलच्या जुन्या, येशूआधीच्या करारातला. जलप्रलय आणणारा, शहरांवर आग पाडणारा. मावशींचा देव नव्या करारातला, लेकरांना जवळ घेणारा. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. सासूबाई वारल्यावर घर सांभाळायला आल्या आणि राहिल्या. आपल्या बायबलमधल्या जुन्या कराराच्या पानांना त्यांनी चक्क रबरबँड लावून टाकलं होतं. "तिकडं लई मारामारी हाय," म्हणायच्या.

मजा अशी, की दोघांचे स्वभाव बरोबर उलटे. आगीचा देव मानणारे पप्पा स्कूटरच्या सीटवर मांजर झोपलेलं दिसलं, की पिशवी घेऊन चालत निघायचे. आणि प्रेमळ देवाच्या मावशी शहागंजला भाजी आणायला निघाल्या, की मला भाजीवाल्यांची कीव यायची. चर्चमधल्या एका बाईंनी नाताळात त्यांच्या करंज्यांना कडक म्हटलं, तेव्हापासून मावशींनी त्यांच्याकडं मान वळवलेली नव्हती.

रोज जेवणाआधी घरात प्रार्थना व्हायची आणि वाचन कुठलं करायचं यावरून दोघांची जुंपायची. वरण निवून जायचं. शेवटी मलाच एक खोडी सुचली.

"आज मी सांगते," मी म्हटलं. "पण पुस्तकातल्या भाषेत नाही, आपल्या बोलीत. कुठलं आहे ते तुम्ही ओळखायचं."

पप्पा सरसावून बसले. मी सुरू केलं, "देव म्हणतो, ह्या लेकराला चालायला मीच शिकवलं. दोन्ही हात धरून. खाली वाकून घास भरवला. अन् त्यालाच ते ठाऊक नाय."

मावशींचे डोळे भरून आले. "हा माझा देव," त्या म्हणाल्या. "नवा करार. दाजी, ऐका जरा!"

मी लगेच दुसरं सांगितलं, "तू ना गरम, ना गार. कोमट हायस. तुला मी तोंडातनं ओकून टाकणार."

"वा!" पप्पांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतात देव! जुना करार. पैजेवर सांगतो."

मग मी दोन्ही पानं उघडून त्यांच्यापुढं ठेवली. चालायला शिकवणारा निघाला जुन्या करारातला. आणि ओकून टाकणारा नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकातला, खुद्द येशूच, तोही एका मंडळीला, म्हणजे चर्चच्याच लोकांना, बोलतोय.

दोघांनी वाकून वाचून खात्री केली. मग पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, ते माझ्याविरुद्ध. "सूनबाई लई शहाणी झाली," पप्पा म्हणाले. "शहाणी नाय, आगाऊ," मावशींनी दुरुस्ती केली.

जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते. मावशी मागं येऊन उभ्या राहिल्या. आवाज एकदम खाली आला होता.

"ते घास भरवायचं परत सांग गं."

मी सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. "इतकी वर्षं मी ते बांधून ठिवलं होतं," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर मावशी दुपारभर जुना करार वाचू लागल्या. मला वाटलं, आता घरात शांतता होणार. चार-पाच दिवसांनी प्रार्थनेला बसलो, तर मावशी म्हणाल्या, "आज मी सांगणार." नजर माझ्यावर.

"एक संदेष्टा रस्त्यानं चालला होता. डोक्याला टक्कल. गावातली आगाऊ पोरं मागं लागली, ए टकल्या, ए टकल्या! त्यानं वळून देवाच्या नावानं शाप दिला. रानातनं दोन अस्वली आल्या अन् पोरांना फाडलं." मग थांबून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "थोरामोठ्यांची चेष्टा करणारांचं असं व्हतं."

मला हसू दाबवेना. पप्पांचा हात मात्र नकळत स्वतःच्या टकलावर गेला. चेहरा पडला होता.

"पोरंच होती हो ती," ते म्हणाले. "जरा रागावून सोडायची."

"आं? आता तुमचाच देव तुम्हाला चालंना व्हय?"

"नाय, पण अस्वलं कशाला?"

मावशी मोठ्या तोऱ्यात बसल्या होत्या, पण हळूहळू त्यांचाही तोरा उतरला. "मलाबी नाय पटलं, दाजी," त्या म्हणाल्या. "पण लिहिलंय तर खरं."

रविवारी दोघांनी चर्चबाहेर पाळकसाहेबांना गाठलं. एका बाजूला पप्पा, दुसऱ्या बाजूला मावशी. पाळकसाहेबांनी प्रश्न ऐकला, हातातला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "खरं सांगू? ह्या उताऱ्यावर उपदेश करायची माझी अजून हिंमत झालेली नाही."

मावशी तडक म्हणाल्या, "मग आम्ही त्यालाच विचारतो."

मला वाटलं, नुसतं बोलतायत. पण त्या संध्याकाळी प्रार्थनेत पप्पांनी डोळे मिटले, आजारी माणसांसाठी मागितलं, शेजाऱ्यांसाठी मागितलं, माझ्या नवऱ्याच्या शेंद्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी मागितलं आणि मग घसा खाकरून, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "अन् प्रभू, ते अस्वलांचं जरा आम्हाला नीट समजावून सांग."

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. शेजारून मावशींचा खणखणीत आवाज आला, "आमेन!"