खुबा गेलेल्यांचं गाव

सोलापुरातून निघालो तेव्हाच माझी पाचावर धारण बसली होती. निजामाच्या राजवटीचं ते अखेरचं वर्ष. हद्दीपलीकडच्या गावांत बंदूकवाले स्वार शिरत होते, माणसं रातोरात पळून इकडं येत होती. भाऊ बायकोपोरांसह पायी आला आणि आई मागंच राहिली. तिचा खुबा (मांडीचा वरचा सांधा) झिजलेला, घरातल्या घरात भिंत धरून चालायची. बैलगाड्या स्वारांनी आधीच ओढून नेलेल्या. म्हणून मी घोडी भाड्यानं घेतली. मोठा शहाणाच की मी!

नाके टाळून ओढ्यातून हद्द ओलांडली. तामलवाडीच्या शिवारात ज्वारीची धसकटं तेवढी उभी होती. मोटा बंद. पान हललं तरी मी घोडी थांबवायचो. एका वस्तीवर ओट्यावरून आवाज आला, "कोण हाय?"

काठी घेतलेला म्हातारा होता. "समदी गेली, बाबा. माजा खुबा धरलाय, म्या कुठं जातो?" असं म्हणत त्यानं मला पाणी आणि शिळी भाकरी दिली.

पुढच्या वस्तीवर लिंबाखाली एक म्हातारी, तिचंही तेच दुखणं. एरवी म्हातारं माणूस ओट्यावर बसलेलं दिसलं की आपण म्हणतो, निवांत आहे. इतक्या जणांना धड उठताच येत नाही, हे गावं ओस पडली तेव्हा कळलं.

आमच्या गावात आई, शेजारच्या बसव्वाकाकू आणि समोरच्या घरातले तात्या, तिघं एकाच पडवीत बसलेली. तिघांचेही खुबे गेलेले.

"आई, चल, बस. दिवस मावळायच्या आत निघायचंय."

तिचा पाय घोडीच्या पलीकडं टाकायला गेलो आणि ती किंचाळली. मांडी फाकतच नव्हती! घोडी आणताना माझ्या टाळक्यात हे आलंच नाही. दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसवलं, तर घसरायला लागली. तेवढ्यात लांब कुठंतरी बार झाला. मी आईलाच मिठी मारली.

बसव्वाकाकू म्हणाल्या, "आमचे मालक तट्टावर गोणी घालायचे, दोन्ही अंगाला सारख्या. मला बसीव की दुसऱ्या अंगाला."

दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं, धोतरानं बांधलं. घोडी सरळ उभी राहिली.

"आन् तात्या, तुमी?" मी विचारलं.

"म्या काय पळून जातोय व्हय?" तात्या हसले.

ओढ्यापाशी टापा ऐकू आल्या. बाभळीआड घोडीचं तोंड दाबून उभा राहिलो. बसव्वाकाकू "शिवा, शिवा" पुटपुटत होत्या. स्वार वरच्या वाटेनं निघून गेले, तरी मी बराच वेळ घोडीचं तोंड सोडलं नाही.

हद्द ओलांडून अलीकडं दोघींना उतरवलं. मी म्हणालो, "सुटलो गं बाई!"

"आमी सुटलो," आई म्हणाली. "आता घोडी फिरीव. तात्या हायत."

"पुन्हा तिकडं? आई, मला लई भ्या वाटतंय."

"मला न्हाय वाटत व्हय? पोटचा गोळा धाडतेय म्या."

"आन् ते एकटे बसणार कसे? कलंडतील."

"दुसऱ्या अंगाला तू हायस की."

प्रवास संपला असं मी धरून चाललो होतो. पण आईला नाही म्हणायलाही छाती लागते, ती माझ्याकडं कुठली! घोडीला पाणी पाजलं आणि परत निघालो.