कोपऱ्यापर्यंत पुसलेला फळा

आमच्या गावात नानांना शिव्या देणारे पुष्कळ होते, पण त्यांचा फळा न वाचता कामाला जाणारा एकही नव्हता. पाराशेजारच्या भिंतीवर तो फळा आणि त्यावर रोज एक वाक्य. कुठल्या पुस्तकातलं नाही, संतांचं नाही, नानांचं स्वतःचं. वाचणारा आधी हसायचा आणि रिक्षा स्टँडपर्यंत पोचेतो त्याच्या लक्षात यायचं, की हे आपल्यावरच होतं. मग संध्याकाळी तो जाब विचारायला यायचा. नाना त्याला वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "तुज्यावर कशाला लिवीन? तू काय येवढा मोठा हायस?" याने त्या माणसाला जास्तच राग यायचा.

नाना अंगाने वाळलेले, रंगाने काळे, तळपायांना कायमच्या भेगा. तीस वर्षं मिठागरात मीठ ओढण्यात गेली. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, करंजाड्याचे सेक्टर उभे राहिले आणि आमचं गाव त्या इमारतींच्या मधोमध पाहुण्यासारखं अंग चोरून बसलं. नाना चौथी शिकलेले, पण मिठाच्या गोणींवर नावं घालून घालून अक्षर असं बसलं होतं की छापखान्याने मान खाली घालावी. शर्टाच्या खिशात कायम दोन-तीन खडू, त्यामुळे तो खिसा कधीच स्वच्छ नसायचा. बायको लवकर गेली. मुलगी लग्न होऊन उरणच्या मोरा गावी. मागे उरले नाना आणि फळा.

त्यांची काही वाक्यं मला अजून पाठ आहेत. "सोसायटीत सगल्यांना शिस्त हवी असते. शेजाऱ्याला." "खरं बोलनारा मानूस सगल्यांना आवडतो, दुसऱ्या गावचा असला की." "रोज सकाली ज्याला गुड मॉर्निंग पाठवता, तो आजारी पडला तवा कोन कोन गेलता?" या तिसऱ्या वाक्याने गावात दोन दिवस गुड मॉर्निंग बंद पडलं होतं. तिसऱ्या दिवशी सुरू झालं, फुलं जरा मोठी होती एवढाच फरक. नाना म्हणाले, "बघ, सुधारनारा मानूस दोन दिस सुधारतो. त्याच्या पुढं त्याला कंटाला येतो."

फळ्याचं आणखी एक काम होतं. गावात कोणी गेलं की त्याचं नाव आणि अंत्ययात्रेची वेळ त्याच फळ्यावर लिहायची. मोबाइलवर गावाचा ग्रुप झाला तरी ही रीत मोडली नाही, कारण म्हाताऱ्यांना नाव फळ्यावर आल्याशिवाय माणूस मेल्यासारखा वाटत नसे. त्या दिवसापुरता नानांचा नियम कडक होता. आदल्या दिवसाचं वाक्य ओल्या फडक्याने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसायचं. नाव लिहायचं, वेळ लिहायची, बाकी फळा काळा ठेवायचा. मी एकदा विचारलं, खाली चार चांगले शब्द लिहिले तर काय बिघडतं? ते म्हणाले, "मेलेल्या मानसाच्या नावाखाली कुनाची अक्कल नको. माजी तर नकोच नको."

मी त्यांच्या हाताखाली आलो तो परीक्षेत आपटल्यामुळे. अक्षर इतकं वाईट होतं की नापास का झालो हे तपासणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. वडिलांनी मला नानांच्या हवाली केलं. नानांनी दोन वर्षं रोज संध्याकाळी मला फळ्यावर लिहायला लावलं आणि पुसायला लावलं. शेवटी माझं अक्षर त्यांच्या अक्षरासारखं झालं. सारखं म्हणजे इतकं, की ते मोऱ्याला मुलीकडे जायचे तेव्हा फोनवर वाक्य सांगायचे, मी लिहायचो आणि गावाला पत्ता लागायचा नाही. पुढे मी कामोठ्यात क्लास काढला. मुलं मला सर म्हणू लागली, म्हणून नानाही चिडवायला सर म्हणू लागले. त्यांच्या तोंडून ते ऐकलं की आपण कोणीच नाही हे नीट कळायचं.

नानांचा एकच जिवलग, दामूशेठ. दोघांनी एकाच मिठागरात अंग खारवलं होतं. दामूशेठच्या जमिनीच्या इमारती झाल्या, गळ्यात साखळी आली, दारात दोन गाड्या आल्या. देवळाची संगमरवरी फरशी त्यांनी घालून दिली आणि पायरीवर आपलं नाव कोरून घेतलं. नाना आहेत तिथेच राहिले. त्यामुळे गावाने ठरवून टाकलं की नाना जळतात आणि रोजचं वाक्य दामूशेठवरच असतं. खरा प्रकार मी बघितला आहे. रोज सकाळी दामूशेठची गाडी फळ्यासमोर थांबायची. ते काच खाली करून वाक्य मोठ्याने वाचायचे आणि पोट धरून हसायचे. "आज कुनाला मारलास रं?" "तुला नाय. तुजी पाली उद्या." हा संवाद शेकडो वेळा झाला असेल. कोट्यधीश माणूस रोज सकाळी आपल्यावरचा विनोद ऐकायला स्वतःहून येतो, हे मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी फळ्यावर होतं, "देवाला देनारा आपलं नाव देवापेक्षा मोठ्या अक्षरात लिवतो. देवाला चष्मा लागला आसंल." मी रिक्षाची वाट बघत उभा होतो, नानांखेरीज आणखी कोणी नव्हतं. दामूशेठने वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "आजून मोठं करून घेतो रं, म्हाताऱ्या. देवाला नाय तर तुला तरी वाचता येईल." मग काच वर गेली. त्या संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली.

नाना दवाखान्यात त्यांच्याजवळच बसून होते. पहाटे मला फोन आला. आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "दामू गेला. फला पूस, कोपऱ्यापर्यंत. आनि नाव लिव. अकरा वाजता नेतील."

मी गेलो तर पाराजवळच्या नळाला पाणी नव्हतं. घरून बादली आणायला दहा मिनिटं लागली असती आणि मला आठची बॅच होती. कोरडं फडकं फिरवून वरचा अर्धा फळा पुसला. खालचं वाक्य कोरड्या फडक्याने नीट जाईना, पांढरे फराटे उठायला लागले. म्हटलं राहू दे, बॅच संपली की येऊन पुसू. वर दामूशेठचं नाव लिहिलं, मोठा माणूस म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आणि रिक्षात बसलो. गावात जन्मलेल्या, नियम पाठ असलेल्या माणसाने केलेली ही चूक आहे. तिला आळस याहून चांगलं नाव मला सापडलेलं नाही.

अर्ध्या तासात कोणीतरी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. वर दामूशेठचं ठळक नाव, खाली देवाचा चष्मा. मी वर्गात अपूर्णांक शिकवत होतो तेव्हा फोन थरथरत राहिला. साडेदहाला मी गावात पोचलो तेव्हा नाना दामूशेठच्या दारात उभे होते. मृतदेहाबरोबर दवाखान्यातून आलेले, कालच्याच कपड्यांत. थोरल्या मुलाने हात आडवा धरला होता. पहाटे मधेच येऊन फळा नानांनीच लिहिला, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"नाना, तुम्ही खांदा द्यायचा नाही," तो म्हणाला. "माझ्या बापाला लाज आणलीत, तीही आजच्या दिवशी."

नानांना काही कळेना. मुलाने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. नानांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग मान वर केली आणि गर्दीत मला शोधून काढलं. वरचं नाव त्यांच्याच अक्षरात होतं, आणि ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं, हे त्या अंगणात दोघांनाच माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे क्षणभरच बघितलं असेल.

"वाक्य माजंच हाय," ते मुलाला म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. उरलेलं खरं मी सांगायचं होतं. नाव मी लिहिलं, वाक्य मी पुसलं नाही, आणि ते वाचून दामूशेठ काल हसले होते. तीन वाक्यं. पण माझा क्लास दामूशेठच्या याच मुलांच्या इमारतीतल्या गाळ्यात होता, सहा महिन्यांपूर्वीच नवीन बाकं घातली होती. समोर तिरडी होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाकं आली. मी हात जोडून उभा राहिलो. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय दुःख झालंय सरांना.

खांदा द्यायला चार जण पुढे झाले. त्यांतल्या दोघांना दामूशेठ ओळखतही नसत. नाना अंत्ययात्रेच्या शेवटी, गाड्यांच्याही मागे चालत राहिले. स्मशानाच्या फाटकापाशी थांबले, आत आले नाहीत. मी आत होतो.

तेरावं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ओटीवर बसून ते भिजवलेले वाल सोलत होते. मी सगळं सांगितलं. नळाला पाणी नव्हतं, हे जरा आधीच सांगितलं.

"हां," ते म्हणाले. "पान्यानं लय लोकांना वाचवलंय. असून पन, नसून पन."

मी म्हटलं, आजच जाऊन दामूशेठच्या मुलांना खरं सांगतो. ते म्हणाले, सांग की, कोण आडवतंय. मी उठलो नाही. त्यांनी ओंजळभर वाल सोलून होईपर्यंत वाट बघितली आणि मग बोलले.

"माफी मागनारा समोरच्यासाठी येत नाय, सर. सोता हलका व्हायला येतो. झालास का हलका?"

मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. मला खरंच हलकं वाटत होतं आणि त्यांना ते दिसत होतं. त्यांनी मला चहा दिला. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर नानांनी फळ्याला हात लावला नाही. लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. शिव्या देणारेच आधी विचारायला आले, लिहीत का नाही? नाना म्हणायचे, "गाव सुधारलं, आता लिवायला काय रायलं नाय." लोक खूश होऊन परत जायचे. हे त्यांचं शेवटचं चांगलं वाक्य, आणि ते फळ्यावर आलंच नाही. निधनाची नावं मी लिहीत राहिलो, दर वेळी घरून पाण्याची बादली नेऊन. पाराजवळ नाना दिसले की माझी नजर त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे जायची. तो आता स्वच्छ असायचा. त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. ज्या माणसाने अख्ख्या गावाला सोडलं नाही, त्याने मला सोडून दिलं. यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

सहा वर्षं मी दामूशेठच्या मुलांना खरं सांगितलं नाही. आधी भीती होती, मग उशीर झाला होता, मग सवय झाली.

या माघात नाना गेले. मोऱ्याहून आलेल्या त्यांच्या मुलीने मला उठवलं आणि म्हणाली, बाबा सांगून गेलेत, फळा सरांना लिहायला सांग. मी बादली घेऊन गेलो. कोपऱ्यापर्यंत पुसला, नाव लिहिलं, वेळ लिहिली. बघणारे म्हणाले, हुबेहूब नानांचं अक्षर.

दामूशेठची मुलं आली. थोरल्याने सगळ्यांत पुढे होऊन खांदा दिला. दुपारपर्यंत नाक्यावर त्यांनी फ्लेक्सही लावला. नानांचा फोटो रेशन कार्डावरच्या फोटोएवढा, त्याखाली 'शोकाकुल' म्हणून दोघा भावांचे मोठे फोटो आणि त्याहून मोठ्या अक्षरांत नावं. अख्खं गाव तो बघत उभं होतं, कोणालाच हसू आलं नाही. हसणारे दोघेही गेलेले होते.

नानांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिलं: "दामूशेठ गेले त्या दिवशी फळा नानांनी नाही, मी लिहिला. खालचं वाक्य मी पुसलं नाही. ते वाक्य वाचून दामूशेठ आदल्या दिवशी हसले होते." खाली माझं नाव घातलं आणि शेजारी उभा राहिलो.

लोक आले, वाचलं, मान डोलवून स्टँडकडे गेले. एकाने फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि एकीने लिहिलं, सुंदर विचार, सर. मग थोरल्याची गाडी थांबली, बापाची थांबायची तशीच. त्याने काच खाली करून तिन्ही वाक्यं वाचली.

"जाऊ द्या हो सर, जुनं झालं," तो म्हणाला. "वाक्य काय होतं ते? मला तर आठवत पण नाही."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला दुसरंच काही आठवलं. "तुमच्या गाळ्यात गळतंय ना? प्लंबरला उद्या पाठवतो." काच वर गेली.

मी घरून बादली आणली, फडकं भिजवलं आणि फळा पुसला. कोपऱ्यापर्यंत.