मावशीची शेगडी आणि माझा प्रबंध

संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं लाठ्या खात होती, तेव्हा मी लालबागच्या एका गच्चीवर काजळी गोळा करत होतो. घरात हा विषय निघाला की मुलं आधीच हसायला लागतात. त्यांच्या मित्रांपैकी कुणाचे वडील तुरुंगात जाऊन आलेले, कुणाच्या काकांच्या कपाळावर खोक. आमच्याकडे दाखवायला काय, तर लोणच्याची एक बरणी. तिचा काठ उडालेला आहे, पण तोही चळवळीत नाही. घर बदलताना उडाला.

मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि धडपणे नोकरी धरायची सोडून संशोधन करत होतो. आमचे सर परदेशात शिकून आलेले. शिकवता शिकवता खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत राहायचे. त्यांना एकच प्रश्न पडला होता: गिरणगावावर रोज वरून नेमकं पडतं किती? आज याला भारदस्त नाव आहे, खातं आहे, परिषदा आहेत. तेव्हा पर्यावरण हा शब्द आमच्या जिन्यापर्यंतही पोचला नव्हता. रसायनवाले म्हणाले, हे इंजिनिअरांचं काम. इंजिनिअर म्हणाले, आरोग्यवाल्यांचं. कुणाचंच नसलेलं हे काम शेवटी माझ्याकडे आलं, कारण मीही तसा कुणाचाच नव्हतो. एका जागी बूड टेकत नसे. प्रयोगशाळेत असलो की वाटे बाहेर काहीतरी चाललंय, आणि बाहेर पडलो की वाटे आत काहीतरी राहून गेलं.

सरांचा आणखी एक हट्ट होता. या कामात कलाशाळेचा माणूस हवाच. "आकडा कुणी वाचत नाही हो," ते म्हणत, "रंग मात्र सगळे बघतात." म्हणून गिरगावातल्या आमच्या मागच्या वाडीतला माझा ख्रिस्ती मित्र कामात आला. तो कलाशाळेत डिझाइन शिकवायचा आणि विद्यार्थ्यांना सांगायचा की वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडे तासभर गप्प बसून बघा. स्वतः तो पाच मिनिटंही गप्प बसत नसे. त्यानं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांची एक लांब पट्टी रंगवली आणि गच्चीवर वाऱ्यानं पडणार नाही अशी लाकडी तिवई केली. तिवईवर ठेवायला काचेची भांडी हवी होती, पण ती मंजूर होईनात. शेवटी आईनं चिनी मातीच्या दोन बरण्या काढून दिल्या.

मित्रानं बरणी उलटसुलट बघितली. "आतून पांढरी, तोंड रुंद. याच्याहून चांगलं मला जमणार नाही. साला, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आपला प्रयोग ओळखून ठेवला होता."

पद्धत साधी होती. बरणीत तळाला स्वच्छ, उकळून थंड केलेलं पाणी घालायचं, म्हणजे पडलेली काजळी उडून जात नाही. दिवसभर उघडी ठेवायची. संध्याकाळी पाणी गाळून, गाळ वाळवून वजन करायचं. एक बरणी गिरगावात आमच्या गच्चीवर, दुसरी लालबागला मावशीच्या चाळीच्या गच्चीवर. लालबागच्या बरणीतलं पाणी संध्याकाळी कोऱ्या चहासारखं दिसे. मावशीला त्याचं काही वाटत नसे. "आमी हाच खातंव," ती म्हणायची. "तुमी बरणीत बघतास, आमी रुमालात बघतंव."

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि गिरणीतून सुटले की चळवळीत. मला बघितलं की त्यांची कळी खुले. "काय शास्त्रज्ञ! राज्य गावलां की तुका धुराखात्याचो मंत्री करूया."

तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग आढाव्याची बैठक झाली. शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीतल्या एका गृहस्थांनी माझा तक्ता दूर सारला आणि विचारलं, "चाळीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या आहेत. ही काजळी बायकांच्या शेगड्यांची नाही, गिरण्यांचीच, हे कशावरून?"

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. गिरण्या पूर्ण बंद असतील तेव्हाचं एक रीडिंग हवं. त्या दिवशी बरणीत पडेल ते शेगड्यांचं, आणि एरवी त्याच्याहून जास्त पडतं ते गिरण्यांचं. पुढच्या बैठकीपर्यंत हे मिळालं नाही तर शिष्यवृत्ती थांबेल. मग मी तुम्हाला चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे फोडायलाच पाठवू शकेन."

आता गिरण्या बंद कशा करायच्या? सुटीच्या दिवशीही बॉयलर थंड होत नसत, चिमण्या धुमसत राहत. लालबाग-परळच्या सगळ्या चिमण्या एकाच वेळी विझवणं हे एका संशोधक विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं. ते काकांच्या आवाक्यातलं होतं. थोड्याच दिवसांत हरताळाची हाक आली.

सर इतके खूश झाले की मला वाटलं तेच आता घोषणा देतील. मी पहाटे लालबागला जाऊन धुतलेली बरणी तिवईवर ठेवली. मावशी पायरीवर बसून बघत होती, आणि मी तिला समितीचं म्हणणं रंगवून सांगितलं. आज जे पडेल ते शेगडीच्या नावावर मांडणार, असं सांगितलं. एवढं बोलून, "बरणीला हात लावायचा नाही," अशी ताकीद देऊन मी दुसरी बरणी ठेवायला गिरगावला आलो.

आलो तो अडकलो. दुपार व्हायच्या आत ट्रॅम बंद झाल्या, मग संचारबंदी. मी घरातून गच्चीवर आणि गच्चीवरून घरात अशा खेपा घालत राहिलो. खाली रस्त्यावर दगड, शिट्ट्या, पळापळ. वडील म्हणाले, "गाव पेटलंय आणि याचा जीव लोणच्याच्या बरणीत." मित्र आपल्या वाडीतून मागच्या भिंतीवरून आमच्याकडे आला आणि छटांची पट्टी आभाळाला लावून उभा राहिला. लालबागच्या बाजूच्या चिमण्या लांबून बारीक दिसत होत्या, कुणीतरी धुऊन ठेवल्यासारख्या. "या आभाळाला माझ्या पट्टीत छटाच नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण माझं सगळं लक्ष तिकडच्या तिवईकडे. बरणी पडली असेल का? पोलिसांनी उचलली असेल का? बाँब समजून फोडली असेल का?

आमच्या भागातली संचारबंदी उठली तसा धावत लालबागला गेलो. बरणी जागेवर होती. तिवई जागेवर होती. चिमण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि बरणीतलं पाणी नेहमीसारखं चहाच्या रंगाचं होतं.

"मावशी, काय झालं?"

"काय जातला? हरताळ होतो तोपर्यंत बरणीक फडको बांधून ठेवलंय. चिमणी पेटली तसो सोडलंय."

"फडका? मी सांगितलं होतं ना, हात लावू नको म्हणून!"

"हात खंय लावलंय? फडको लावलंय." मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तूच सांगलंस मा, गिरणी बंद आसतानां जां पडात तां शेगडीच्या नावार जातला म्हणान? माजी शेगडी, शेजारणीची शेगडी, सगळ्या चाळीतल्यो शेगड्यो. आमच्या नावार कायच पडूक नको, म्हणान झाकलंय. लोणच्याक बांधतंव तसो, दोऱ्यान, घट्ट."

मी म्हटलं, "तो फडका तरी दे. त्याच्यावर काही पडलं असेल."

"धुतलंय," मावशी म्हणाली. "घाण नको ठेवूक."

काका खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. ते इतके हसले की त्यांना उठून बसावं लागलं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. बैठक जवळ येत होती आणि मुंबईत दुसऱ्या हरताळाची माझ्याइतकी निकड कुणालाच नव्हती. शिवाजी पार्कवरच्या सभांना मी जाऊ लागलो. पुढारी भाषणात इतिहास सांगत, भूगोल सांगत, आणि मी गवतावर बसून चुळबुळत असे: अहो, हरताळाचं बोला! गर्दीतून कुणी "हरताळ!" म्हणून ओरडलं की सगळ्यांत मोठा आवाज माझा. काकांनी हे लांबून बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. घरी जाऊन मावशीला म्हणाले, "पोरगो वळणार इलो." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. कसा करणार? आणि रोज ओरडून ओरडून मलाही नक्की सांगता येईना, मी कशासाठी ओरडतोय. सभेहून परतताना अंगात एक वीज खेळत असे, आणि तिचं वजन करायची सोय कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हती.

दुसरा हरताळ आला. या वेळी मी आदल्या दिवशीच मावशीकडे मुक्कामाला गेलो. मित्रही पट्टी घेऊन आला. मावशीची समजूत घातली: बरणी झाकली तर सुटका नाही, उघडी राहिली तरच शेगडीचा दोष किती ते कळेल. ती कुरकुरत तयार झाली. "पडांदे तर. पण रोजचीच पेटयतलंय हां. मुद्दाम विझवूची नाय."

सकाळी काका टोपी घालून निघाले. "चल."

"काका, बरणी..."

"बरणीक काय पाय फुटतले?"

"आजच्या दिवसाची तर गोष्ट आहे."

"आमची पण आजच्याच दिवसाची आसा," काका म्हणाले आणि जिना उतरून गेले. एरवी ते चेष्टा करून जात. त्या दिवशी केली नाही.

मी गच्चीवर. कठड्याशी जाऊन मोर्चा बघायचा, परत येऊन बरणीत बघायचं. घोषणा वर येत होत्या आणि माझे ओठ आपोआप हलत होते. मित्र वैतागला. "एक तर खाली जा, नाही तर बस. तुझ्यामुळे तिवई हलतेय." दुपार कलली तरी बरणीत डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतं. चाळीतल्या सगळ्या शेगड्या पेटून विझल्या होत्या, आणि तरी तळातली चिनी माती ताटलीसारखी पांढरी. मी मनातल्या मनात समितीसमोर उभा राहून बोलत होतो.

तेवढ्यात खाली फटाके फुटल्यासारखे आवाज झाले. अश्रुधूर. रस्त्यावरची माणसं चाळीत घुसली, धूर त्यांच्या मागून जिन्यात शिरला, आणि जो तो हवेसाठी वर पळाला. गच्ची भरली. खोकणं, शिव्या, रडणं. दोन शेजाऱ्यांनी काकांना धरून आणलं. डोळे मिटलेले, चेहरा सुजून लाल, आणि ते हातानं हवा चाचपत होते. त्यांच्याजवळच ते नळकांडं फुटलं होतं.

"पाणी!" मावशी ओरडली. "पाणी हाडा कोणी!"

नळाचं पाणी सकाळीच येऊन गेलेलं. पिंपं खाली घरात आणि जिन्यात धूर. गच्चीवर पाणी एकाच ठिकाणी होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशी सांगते की मी बरणीला मिठी मारून उभा होतो. मला आठवतं ते थोडं वेगळं आहे, पण फार वेगळं नाही. चिमण्या संध्याकाळपर्यंत बंद राहणार होत्या. बैठक पुढच्याच आठवड्यात होती. आणि काका म्हणत होते, "माका कायच दिसना नाय गो. कायच दिसना नाय."

मी बरणी उचलली. मित्रानं माझा हात धरला. "एक सेकंद." त्यानं पट्टी पाण्याशी धरली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पहिली छटा. पांढरी. ओत."

मी काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते पाणी ओंजळीनं त्यांच्या डोळ्यांवर सोडत राहिलो. थोडं त्यांना, थोडं शेजारच्या म्हाताऱ्याला, उरलं ते एका मुलीला. मावशीनं शेवटची धार आपल्या तळहातावर घेतली, उजेडात धरून निरखली. नवरा कण्हत होता, तरी तिनं निरखली.

"बघलंस?" ती मला म्हणाली. "एक काळो ठिपको नाय. शेगडीचा नाव घेय होतो मेलो."

काकांनी एक डोळा किलकिला केला. "कोण रे? मंत्री काय?" एवढं म्हणून परत मिटला. मला तेव्हा रडू आलं, पण गच्चीवर सगळेच रडत होते, त्यामुळे खपून गेलं.

बैठकीत मी जे झालं ते सांगितलं. वजन नाही, गाळ नाही. डोळ्यांत घालता येईल इतकं ते पाणी स्वच्छ होतं, एवढंच. मित्राची पट्टी दाखवली. त्या गृहस्थांनी चष्मा काढून ती पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, "रंग हे माप नव्हे." सर त्या दिवशी खिडकीबाहेर बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. शिष्यवृत्ती थांबली. मी काँक्रीटचे ठोकळे फोडू लागलो आणि पुढं त्यातच नोकरी लागली. ठोकळे किती ओझ्याला फुटतात ते मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. विचारत कुणी नाही.

राज्य झालं तेव्हा काकांनी मला पेढा भरवला. डोळे त्यांचे ठीक झाले होते, फक्त वाऱ्यात पाणी यायचं. मंत्रिपदाची आठवण मीच करून दिली. "बघूया," ते म्हणाले, अगदी मंत्र्यासारखे.

माझा प्रबंध राहिला तो राहिलाच. मावशीनं मात्र निकाल कधीच लावून टाकला होता. चाळीत नवी सून आली आणि शेगडी पेटवताना धूर झाला म्हणून ओशाळली, की मावशी तिला जवळ बसवून घ्यायची, पंख्यानं निखारे फुलवत म्हणायची, "घाबरा नको. हिची चौकशी झालेली आसा. सुटली."