खाटेखालची गांडुळं

समता आमच्या कॉलनीत राहायला आली आणि कचऱ्याच्या गाडीची व तिची फारकतच झाली. बेळगावच्या कडेला, कालपरवापर्यंत जिथं भात पिकत होतं, तिथं आमची ही कॉलनी उभी आहे. समता बँकेत अधिकारी, माहेर निपाणीचं. बाजाराला सायकल, हाताला कापडी पिशवी आणि सगळ्यांत भारी म्हणजे गेटाजवळची गांडूळखताची टाकी. सुट्टीदिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ती गांडुळं दाखवायची. मीही पाहिली. खरं सांगते, दुसऱ्यांदा आपणहून गेले.

सेक्रेटरी परशरामना मात्र ती टाकी डोळ्यांत खुपायची. मूळचे गुंजीचे शेतकरी, पण नोकरी लागली आणि शेणमातीचं नाव सोडलं. "रविवारी मीटिंग हाय. वास आला तर टाकी फोडायची," त्यांनी बजावलं.

नेमकं दोन दिवस आधी टाकीला मुंग्या लागल्या. समताची आई सोनुबाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेली. त्या घरात किडामुंगीला औषध एकच, तंबाखूची भुकटी. समतानं ओंजळभर भुरभुरली. मुंग्या पळाल्या, पण रविवारी झाकण काढलं तर गांडुळंही निपचित पडलेली.

"मीच मारली गं," म्हणत ती तिथंच मटकन बसली. शहाणी बाई, एवढंही कळू नये, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिचे डोळे बघून मिटलं. गांडुळं नाहीत म्हणजे कचरा कुजणार, वास सुटणार, टाकी जाणार.

लोक जमले. परशराम टाकीत वाकले आणि तडक घरी गेले. हातोडा आणायला गेले असणार, म्हणून माझा पारा चढला.

आले ते रंगाची जुनी बादली घेऊन. आत काळीभोर माती आणि तीत वळवळणारी, जिवंत गांडुळं!

"दिवाळीत तुमच्या टाकीतली मूठभर न्हेलतो, आक्का. न इचारता," ते खाली बघत म्हणाले. "जास्वंदीला खत घालतोय. लई फुलं येत्यात."

त्यांची बायको राजाबाई पुढं झाल्या. "कुठं ठेवलतं वो हे?"

"आपल्या खाटंखाली."

राजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "चार म्हैनं तिथंच झोपतोय की मी. कसला वास न्हाय आला."

मग मीटिंग कसली होतेय? समता हसता हसता रडली आणि टाकीतली भुकटी लागलेली माती उपसायला लागली. तिला हातभार लावायचं सोडून मी घरी पळाले, रिकामी बादली शोधायला. माझ्याही खाटेखाली जागा होतीच.