शेजारच्या गाडीचा सेल्फ

सत्तरच्या दशकात घेतलेली माझी डिझेल जीप मला खरी कितीला पडली? दोन एकर रान, बायकोच्या पाटल्या आणि चार वर्षांची पहाटेची झोप.

झोप गेली ती शेजारच्या दादारावामुळे. पाथरीत एकाच गल्लीत त्याची डिझेल मॅटाडोर आणि माझी जीप. दोघंही परभणीला माणसं न्यायचो. जी गाडी आधी चालू होईल तिच्यात कोर्टाच्या तारखेवाले बसायचे.

माझी जीप पहाटे नुसती खोकत राहायची. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी धडधडायची. "एका सेल्फात उठते!" असं तो चारचौघांत सांगायचा. मंडळी, लय जळलो मी. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा माणूस मी, माझे कान तिखट. पण त्याच्या मॅटाडोरच्या आवाजात खोट काही सापडेना. शेवटी चिडून जीप विकली अन् पिठाची गिरणी टाकली.

आज दुपारी बोरीच्या लग्नात दादारावची बायको, कमलवहिनी, भेटल्या. म्हणालो, "वहिनी, तुमच्या त्या सेल्फानं मला धंद्यातून उठवलं."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "कशाचा सेल्फ, भावजी! मी अन् सासूबाई ढकलायचो, गल्लीच्या तोंडच्या उतारापस्तोर. अनवाणी. तुमाला ऐकू जाऊ न्हाई म्हणून."

तुम्हीही कोणाच्या गाडीवर असे जळता का? मग एकदा तिचं बॉनेट उघडून बघा.

त्या मॅटाडोरला चार वर्षं बॅटरीच नव्हती.